अर्पणाचे ताट



धानाची कापणी झाली, चुरणे आटोपले, कोठ्या भरल्या की आमच्या भंडारा जिल्ह्यातला माणूस थोडा सैल होतो. गावोगाव मंडया भरतात, दंडारी होतात, रात्र रात्र नाटके चालतात. अशाच दिवसांत माझ्या महाविद्यालयातील एक सहकारी मला म्हणाले, “सर, येत्या रविवारी आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण आहे. तुम्ही या.” ते भूगोल शिकवतात, मी मराठी. पंधरा वर्षे एका खोलीत बसून आम्ही चहा घेतला, पण त्यांच्या चर्चमध्ये मी कधी पाऊल टाकले नव्हते. गेलो.

छोटीशीच इमारत. पुढे वेदीपाशी धानाच्या पेंढ्या टेकवून ठेवलेल्या. खाली कोहळे, वांगी, दुधी, गुळाची ढेप, मुरमुऱ्यांचे पोते, आणि पाय बांधलेली एक कोंबडी. कोंबडीचे प्रार्थनेकडे मुळीच लक्ष नव्हते. उपासना संपल्यावर या सगळ्या वस्तूंचा लिलाव होतो व पैसे मंडळीच्या कामी लागतात. बाजारात तीस रुपयांना मिळणारा कोहळा तिथे हसत हसत दोनशेला जातो, आणि घेणारा तो पुन्हा दान करून टाकतो. मग त्याची पुन्हा बोली होते.

पण माझे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. गीत सुरू झाले आणि दोन मुले पितळेची दोन ताटे घेऊन रांगांतून फिरू लागली. ताट एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाई, ज्याला जे द्यायचे ते तो त्यात ठेवी. ताट माझ्यापर्यंत आले. जुने, जड, काठ किंचित वर उचललेले, एका बाजूला पोचा आलेला. आणि तळाशी लाल कापडाचा एक गोल तुकडा बसवलेला. मी शंभराची नोट ठेवली. खोटे कशाला सांगू, ठेवताना ती शेजाऱ्याला दिसावी असे मनात येऊन गेले.

बाहेर आल्यावर मी सहकाऱ्यांच्या आईला विचारले, “काकू, ताटात ते कापड कशाला?” त्या ऐंशीच्या घरातल्या. म्हणाल्या, “बाबू, आवाज होऊ नाई म्हणून. नोट पडली त आवाज नाई होत. चिल्लर पडली का खणखण होते. मंग सारे मान वळवून पायतेत.”

एवढेच उत्तर. पण त्या दिवसापासून दान घेण्याच्या भांड्यांविषयी मी वाचू लागलो, विचारू लागलो, आणि जे हाती लागले त्यातले थोडे आज तुमच्यापुढे ठेवतो.

भांडे म्हटले की आपल्याला ती मुकी वस्तू वाटते. पण दान घेणाऱ्या भांड्याचे तोंड अरुंद की रुंद, त्याला झाकण आहे की नाही, कुलूप आहे की नाही, ते एका जागी बसते की माणसांतून फिरते, यावर पुष्कळ काही ठरते. आरतीचे तबक फिरते; त्यात कोणी काय टाकले ते सर्वांना दिसते. देवळाच्या कोपऱ्यातली दानपेटी बसून असते. तिच्यात काय पडले ते फक्त टाकणाऱ्याला ठाऊक. माधुकरी मागणाऱ्याची झोळी दारी येते, तिला नाही म्हणणे जड जाते. म्हणजे भांड्याच्या आकारातच देणाऱ्याशी वागण्याची एक रीत दडलेली असते.

ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्रात पेटीची जी पहिली कथा येते ती मोठी मासलेवाईक आहे. ‘राजे’ नावाच्या दुसऱ्या पुस्तकात बाराव्या अध्यायात ती आहे. यरुशलेमेचा राजा योवाश. मंदिराची पडझड झाली होती. राजाने याजकांना, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांना, सांगितले की लोकांकडून येणारा पैसा घ्या आणि डागडुजी करा. राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तरी भिंतीला हात लागला नव्हता! पैसा कुठे गेला, हे ग्रंथ स्पष्टपणे सांगत नाही. आपणही विचारू नये. राजाने त्यांना बोलावून जाब विचारला. मग यहोयादा या मुख्य याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेवली. आलेला पैसा दाराशी असणारे याजक तिच्यात टाकू लागले. पेटी भरली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून मोजीत, पिशव्या बांधीत आणि सुतार, गवंडी, पाथरवट यांची मजुरी भागवीत. त्या पैशातून मंदिरासाठी चांदीची भांडी केली नाहीत, तो कामकऱ्यांना दिला, असे तिथे मुद्दाम नोंदविले आहे. ‘इतिहास’ नावाच्या दुसऱ्या पुस्तकात हीच हकीगत आहे. तिथे उरलेल्या पैशाची भांडी केल्याचे म्हटले आहे, तो भाग वेगळा.

मला या कथेतले ते भोक फार आवडते. ते भक्तीपोटी पडलेले नाही. ते हिशेबाच्या संशयातून पडले आहे. पैसा आत जावा पण एकट्यादुकट्याचा हात आत जाऊ नये, ही त्यातली युक्ती. आणि मोजायला दोघे.

पुढे येशूच्या काळी यरुशलेमेच्या मंदिरात अशा तेरा पेट्या असत. यहुदी लोकांच्या मिश्ना या ग्रंथात त्यांचे वर्णन आहे: कर्ण्याच्या आकाराच्या, वर निमुळत्या, खाली रुंद. कोणती पेटी कशासाठी हेही ठरलेले. नव्या वर्षाच्या कराची एक, थकलेल्या कराची एक, पक्ष्यांच्या बळीसाठी दोन, लाकडांची एक, धूपाची एक, सोन्याची एक, आणि उरलेल्या सहा केवळ खुशीच्या दानाच्या. या पेट्यांच्या भांडारासमोर येशू बसला होता आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता, असे मार्काच्या शुभवर्तमानात येते. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले. एका गरीब विधवेने दोन नाणी टाकली, तिथल्या चलनातली सर्वांत हलकी. मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘टोली’ आणि ‘दमडी’ हे शब्द योजले; दोन टोल्यांची मिळून एक दमडी. मला हे भाषांतर मोठे सुरेख वाटते, कारण दमडी म्हटले की आपल्या कोणत्याही म्हातारीला ती किती थोडी आहे हे समजावून सांगावे लागत नाही. येशू शिष्यांना म्हणाला की हिने सर्वांपेक्षा अधिक दिले. बाकीच्यांनी उरलेल्यातून दिले, हिने आपली उपजीविकाच दिली.

या हाताचे त्या हाताला कळू नये, असे आपण बोलताना सहज म्हणतो. ही उक्तीही डोंगरावरील प्रवचनातलीच. आणि त्याच ठिकाणी, दान देताना आपल्यापुढे कर्णा वाजवू नका, असेही सांगितले आहे. पेट्या कर्ण्याच्या आकाराच्या होत्या, तेव्हा हा टोला त्या पेट्यांना उद्देशून असावा असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. खरे असो वा नसो, काकूंच्या लाल कापडाचे मूळ कुठवर जाते ते यावरून लक्षात येईल.

इथे मला स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. ऐकणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ असतील, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगतो.

मी पाचवीत होतो. शाळेचे नाव घेत नाही. डिसेंबरात ध्वजदिनाचा निधी गोळा होई. सैनिकांसाठी असतो तो. १९४९ पासून ७ डिसेंबरला हा दिवस पाळतात. काम चांगलेच. वर्गात पत्र्याचा एक डबा आला, झाकणाला चीर पाडलेली. गुरुजींनी एकेकाला नाव घेऊन पुढे बोलावले. पैसा डब्यात पडला की खण्ण असा आवाज होई, आणि गुरुजी फळ्यावरच्या नावापुढे खूण करीत. ज्यांनी आणले नव्हते त्यांची नावे तशीच फळ्यावर राहिली. आम्ही सहा जण होतो. “उद्या आणा,” असे सांगून गुरुजींनी ती नावे पुसली नाहीत. गुरुजी वाईट नव्हते. त्यांनाही वरून आकडा ठरवून दिलेला असावा.

आमच्या घरी फळीवर तिळाचा एक डबा होता. त्यात आई दळणाचे पैसे ठेवी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातले रुपयाचे नाणे घेतले. वर्गात पुढे गेलो आणि नाणे जरा वरून सोडले. आवाज चांगला मोठा झाला. गुरुजींनी नाव पुसले. संध्याकाळी आई डबा उलटा करून तीळ सुपात ओतीत होती. नंतर ती शेजारच्या घरी गेली आणि रुपया उसना आणून ज्वारी दळायला घेऊन गेली. मला तिने काही विचारले नाही. पुढे मी नोकरीला लागल्यावर एकदा तिला हे सांगितले, तेव्हा ती भाजी निवडीत होती. वर न पाहता म्हणाली, “मले तवाच मालूम होतं.”

आज मी स्वतः मास्तर आहे. महाविद्यालयातही निधी येतात, पूरग्रस्तांचे, आणखी कशाकशाचे. मी वर्गात एक बंद पाकीट फिरवतो, सर्वांच्या हातून जाते, कोणी टाकतो, कोणी टाकल्यासारखे करून पुढे देतो. आकडा कमी जमतो, हे कबूल करतो. प्राचार्यांनी एकदा त्याबद्दल विचारलेही. पण असो.

युरोपातल्या चर्चमध्ये काय होत असे ते पाहू. तिथे फार जुन्या काळापासून पेटीच होती. झाडाचा ओंडका पोखरायचा, लोखंडी पट्ट्या मारायच्या, वर चीर ठेवायची. ११९९ मध्ये तिसरा इनोसंट या पोपने धर्मयुद्धाच्या मदतीसाठी प्रत्येक चर्चमध्ये अशी पोकळ ओंडक्याची पेटी ठेवण्याची आज्ञा केली आणि तिला तीन किल्ल्या सांगितल्या: एक बिशपकडे, एक स्थानिक धर्मगुरूकडे, आणि एक कोणा भाविक संसारी माणसाकडे. ते युद्ध योग्य होते की नाही हा प्रश्न निराळा, आणि त्याचा इतिहास रक्ताचा आहे. पण तीन किल्ल्यांची कल्पना टिकली. इंग्लंडात १५४७ मध्ये सहाव्या एडवर्डच्या वेळी जे हुकूम निघाले त्यांत प्रत्येक गावच्या चर्चमध्ये गरिबांसाठी भक्कम पेटी आणि तिला तीन किल्ल्या, असेच कलम आहे. आपल्याकडे गावच्या देवस्थानाची पेटी पंचांसमक्ष उघडतात, त्यातलाच हा प्रकार. तिन्ही किल्ल्या एकत्र आल्याशिवाय झाकण उघडत नाही आणि तिघांचे एकमेकांशी पटले नाही तर ते कधीच उघडत नाही, हाही अनुभव दोन्हीकडे सारखाच असणार.

ताट मात्र पुढे आले ते उपासनेच्या मध्येच अर्पण गोळा करण्याची पद्धत रुळली तेव्हा. १६६२ च्या इंग्रजी प्रार्थना-पुस्तकात यासाठी गावाने एक नीटनेटके पात्र पुरवावे असे सांगितले आहे. आता अशी पात्रे कुठून आणायची? यातली हकीगत आम्हा भंडाऱ्याच्या लोकांना जवळची वाटेल. जर्मनीत न्युरेंबर्ग नावाचे शहर आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकात तिथले कारागीर पितळेच्या पत्र्याची मोठी पसरट ताटे ठोकीत. मधोमध चित्र उठवलेले असे. आदम, हव्वा आणि ज्ञानाचा वृक्ष हे चित्र तर ठरलेलेच. भोवती अक्षरांची पट्टी, आणि कित्येकदा त्या अक्षरांना अर्थच नसे, नुसती शोभा! ही ताटे युरोपभर विकली जात. हात धुवायला, भिंतीवर मांडायला, म्हणजे घरच्याच कामाला ती असत. पुढे त्यांतली बरीचशी इंग्लंडातल्या चर्चमध्ये गेली आणि अर्पणाची ताटे झाली. देवाच्या कामाला लागलेले भांडे आधी कुणाच्या तरी माजघरात होते.

इतर देशांत आणखी रीती. जर्मनी-हॉलंडकडे लांब काठीला मखमली पिशवी बांधीत आणि पिशवीखाली छोटी घंटी लोंबे. प्रवचनात डुलक्या घेणाऱ्यांना जागे करायला ती घंटी, असे तिथले लोक थट्टेने सांगतात. स्कॉटलंडात पितळेचे किंवा कथिलाचे ताट दाराशी स्टुलावर ठेवून मंडळीतला एक वडील बाजूला उभा राही, नाहीतर लांब दांड्याची लाकडी पळी बाकांच्या रांगांतून फिरे. पळी म्हणजे खरे तर दांड्याच्या टोकाला बसवलेली लहानशी पेटी. हा पैसा मुख्यतः गावच्या गरिबांना वाटण्यात येई. १८४५ मध्ये तिथे कायदा झाला आणि गरिबांची व्यवस्था स्वतंत्र स्थानिक मंडळांकडे गेली. जुन्या हिशेबवह्यांत एक गमतीची नोंद वारंवार सापडते: खोटी नाणी. दुकानात न चालणारा पैसा लोक देवाला देत. मग अशी नाणी साठली की मंडळी ती धातूच्या भावाने तांबटाला विकून टाकी. स्कॉटिश माणूस आणि आपला माणूस यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.

स्कॉटलंडचे नाव उगाच घेतले नाही. त्याच १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी नागपूरला आले. १८८३ मध्ये निघालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. त्यांना पाठविणारे फ्री चर्च दोनच वर्षांपूर्वी, १८४३ मध्ये, सरकारमान्य चर्चमधून फुटून निघाले होते. सरकारी आधार गेला, इमारती गेल्या. थॉमस चाल्मर्स हे त्यांचे पुढारी गावोगाव हिशेब मांडून सांगत की आठवड्याला एक पेनी दिली तरी पुरे. म्हणजे ज्या मिशनने आपल्या विदर्भात शाळा काढल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भंडाऱ्यासही दवाखाना आणला, त्याच्या मुळाशी तिकडच्या विणकरांच्या, मोलकरणींच्या पेन्या होत्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रॉटेस्टंट चर्चेसचे एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि इंग्रजी ताट व स्कॉटिश पळी एका छपराखाली आली. पळी आता कुठे दिसत नाही. ताट राहिले.

ताट राहिले याचे मला नवल वाटत नाही. भंडारा हे ताटांचेच गाव. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात या शहराचे नाव ‘भाणा’ म्हणजे पितळेचे ताट यावरून पडले असावे असे नोंदविले आहे. जुन्या मराठीत भाणे म्हणजे ताट, आणि गुजरातीत तो शब्द अजून जेवणाच्या ताटासाठी चालतो. दुसरे अभ्यासक रतनपूरच्या इ. स. ११०० च्या शिलालेखातील ‘भानारा’ या नावाकडे बोट दाखवितात. पंडितांचा वाद पंडितांपाशी. पण या शहरात पिढ्यान्‌पिढ्या पितळेचे ठोके ऐकू येत, हे खरे. तांब्यात जस्त मिळवले की पितळ होते, कथील मिळवले की कासे. जस्त मोठे चंचल. तांबे वितळण्याच्या कितीतरी आधीच त्याची वाफ होऊन उडून जाते, म्हणून मुशीपाशी बसणाऱ्याला डोळ्यांत तेल घालून राहावे लागते. ठोकताना पितळ कडक होत जाते, अधिक ठोकले तर तडकते. पुन्हा लाल तापवायचे, मऊ करायचे, पुन्हा ठोकायचे. स्टील आले, अ‍ॅल्युमिनियम आले आणि ठोके कमी झाले. लग्नात पितळेची भांडी देताना त्यांवर टोचणीने नाव घालण्याची रीत होती ती आठवते का? कोणी दिले, कोणाला, कोणत्या तारखेला. हंड्यावरून घराण्याचा इतिहास लिहिता यावा इतकी नावे.

नावाची हौस जुनीच आहे. आमच्याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खाते यांनी उत्खनन केले, तेव्हा दोन हजार वर्षांमागच्या बौद्ध स्तूपाच्या कठड्यांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे सापडली. स्तंभ दिला, नाव कोरले. त्या नावांमुळेच आज त्या काळच्या साध्या माणसांचा पत्ता लागतो, तेव्हा नाव लिहिणे सर्वस्वी वाईट असेही मी म्हणणार नाही.

पण ज्याच्यापाशी स्तंभ नाही, नोट नाही, त्याने काय द्यावे? इथे मला मूठ आठवते. मिझोराममधील ख्रिस्ती बायांनी १९१० च्या सुमारास एक रीत सुरू केली. भात रांधायला घेताना त्यातला मूठभर तांदूळ वेगळ्या भांड्यात टाकायचा आणि तो चर्चला द्यायचा. ती आजही चालू आहे. आपल्याकडे मुष्टिफंड हा शब्द कोणाला ठाऊक नाही? पणजीत पोर्तुगिजांच्या राज्यात १९०८ मध्ये मराठी शिकविण्यासाठी संस्था निघाली तिचे नावच मुष्टिफंड. त्याच वर्षी तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. मुठीचे भांडे म्हणजे चुलीशेजारचे गाडगे किंवा पत्र्याचा डबा. त्याला चीर नाही, कुलूप नाही. तांदूळ पडताना आवाजही होत नाही. आणि आणखी एक गोष्ट: घरातला पैसा पुरुषाच्या खिशात असला तरी तांदूळ बाईच्या हातात असतो. तिला कोणाला विचारावे लागत नाही.

आता पुन्हा त्या चर्चकडे येतो. तिथे गेली दोन वर्षे एक वाद चालू होता, हे मला नंतर कळले. भांड्याला भांडे लागले की आवाज होणारच. तरुण मंडळींचे म्हणणे असे की ताट फिरवणे बंद करावे. दाराशी फोनने पैसे भरण्याचे चौकटीचे चित्र लावावे. २०१६ पासून ही सोय आली आहे, भाजीवालाही ती वापरतो. पैसा सरळ बँकेत जाईल, मोजायला नको, संशय नको. म्हणणे काही अगदी चुकीचे नव्हते. कोणी एक उत्साही तर म्हणाला की दुकानात रक्कम मोठ्याने सांगणारी जी पेटी असते तीही बसवू, म्हणजे भरल्याची खात्री होईल! तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, “बाबा रे, शास्त्रात जो कर्णा वाजवू नका म्हटले तो हाच.” सारे हसले आणि ती पेटी मागे पडली. पण ज्यांच्याजवळ तसला फोन नाही त्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच.

खरी गोष्ट वेगळीच होती. दरवर्षीच्या सभेत अर्पणाची यादी नावे व रकमांसह वाचण्यात येई. एक बाई होती, रोवणीला आणि कापणीला मजुरीने जाणारी. नवरा आजारी. एका वर्षी तिच्या नावापुढे चाळीस रुपये वाचले गेले, त्याच्या आधी पाच हजार आणि नंतर दोन हजार. कोणी काही बोलले नाही. पुढच्या रविवारपासून ती आली नाही. दोन हंगाम आली नाही. कोणाच्या लक्षातही आले नाही, असे सहकारी सांगताना त्यांचा आवाज जरा खाली गेला.

काकूंच्या लक्षात आले होते. त्या तिच्या घरी गेल्या. “काऊन नाई येत?” बाई काही सांगेना. निघताना काकूंनी पदर पुढे केला आणि म्हणाल्या, “मूठभर तांदूळ दे. देवाले नेतो.” बाईने दोन मुठी घातल्या. रविवारी काकूंनी पदराची गाठ सोडून ते तांदूळ पितळेच्या ताटात, त्या लाल कापडावर, ओतले. ताट फिरवणारा मुलगा गोंधळला. नोटा तांदळात रुतू लागल्या. पाळकांनी नाव विचारले नाही.

त्यानंतरच्या सभेत यादीचा विषय निघाला. मंडळीचे खजिनदार पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे माझ्या मते ऐकण्याजोगे होते. नावे झाकली की पैसे झाकायलाही वेळ लागत नाही, असे ते म्हणाले. त्यांनी नोकरीत पुष्कळ पाहिले असावे. पुष्कळ घासाघीस झाली. शेवटी असे ठरले: यादीतून नावे काढावीत, पण उपासना संपताच दोघांनी तिथेच ताट मोजावे, वहीत सह्या कराव्यात आणि एकूण रक्कम त्याच दिवशी दाराशी लिहावी. खर्चही तिथेच लिहावा. फोनचे चित्र दाराबाहेर लागले. दाराच्या आत धानासाठी एक मोठा डबा आला. योवाश राजाच्या चिटणीसाला ही व्यवस्था पसंत पडली असती.

बाई परत आली का, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले. नाताळाला आली, असे कळले. मागच्या बाकावर बसली.

या उन्हाळ्यात सहकारी ते पोचा आलेले ताट घेऊन भंडाऱ्यात एका जुन्या कारागिराकडे निघाले, तेव्हा मीही बरोबर गेलो. काकूही आल्या. कारागिराने कापड काढून बाजूला ठेवले, ताट उलटसुलट पाहिले, बोटाने टिचकी मारून कान लावला. “जुनं काम आहे जी. आता असा जाड पत्रा कोनी नाई लावत.” मग ताट लाकडाच्या ठोकळ्यावर पालथे धरून, लहान हातोडीने कडेकडेने ठोकीत ठोकीत त्याने पोचा काढला. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. चिंच लावून घासले, धुतले, पुसले. मग टोचणी हातात घेऊन विचारले, “नाव कोनाचं घालू?”

सहकाऱ्यांनी आईकडे पाहिले. काकू म्हणाल्या, “कोनाचंच नको.”

“चर्चचं तरी?”

“नको बाबू.”

त्याने टोचणी खाली ठेवली आणि पुन्हा एक टिचकी मारली. ताट बराच वेळ वाजत राहिले. काकूंनी ते घेतले आणि पिशवीतून लाल कापडाचा गोल तुकडा काढून त्यात बसवला.